वेताळाची पुरचुंडी

बेनेट, कोलमन आणि कंपनीनं १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. तिच्या मराठी अंकांत ली फॉकचा फँटम 'वेताळ' झाला. १९६७ मध्ये अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' आली आणि तिचेही मराठी अंक घरोघरी पोचले. 'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडली. आता आपल्यापैकी अनेकांकडे हे अंक असलेच, तर संगणकावरच्या फाइलींच्या रूपात असतात. त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी 'सीबीआर' किंवा 'सीबीझेड' अशी तीन अक्षरं दिसतात. या अक्षरांमागे पस्तीस वर्षांहून मोठा इतिहास आहे. आपल्या नातवंडांना हा वेताळ उघडून पाहता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे.

या फाइलीत कुठलंही नवं तंत्र नाही. प्रत्येक पानाचं एक चित्र, बहुधा जेपेग, अशी पंचवीस-तीस चित्रं क्रमानं नावं देऊन एका पुरचुंडीत बांधलेली असतात, बस्स. सीबीझेडचं नाव बदलून शेवटी 'झिप' लिहिलं, तर ती साध्या झिप फाइलीसारखी उघडते. जेपेग आधीच दाबून लहान केलेलं असल्यामुळे झिप केल्यानं जागा जवळजवळ वाचत नाही. पानं एकत्र राहावीत आणि क्रम मोडू नये, एवढंच तिचं काम.

ही नावं रुळवली डेव्हिड एटन यांच्या 'सीडिस्प्ले' या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रामनं. 'सीबी' म्हणजे कॉमिक बुक आणि पुढचं अक्षर पुरचुंडीच्या जातीचं: झिपसाठी झेड, रारसाठी आर, एससाठी ए, टारसाठी टी. या चार अक्षरांचं नशीब मात्र फार वेगवेगळं निघालं.

झिप तयार केली मिलवॉकीच्या फिल कॅट्झनं. त्याच्या आधीच्या प्रोग्रामवरून दुसऱ्या एका कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं होतं. ते प्रकरण मिटल्यावर १९८९ मध्ये त्यानं नवी रचना केली आणि तिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. कॅट्झ २००० साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. पण आराखडा सार्वजनिक असल्यामुळे झिपचं काही अडलं नाही. आज जवळपास प्रत्येक संगणक आणि फोन ती उघडतो.

रार ही रशियाच्या युजीन रोशाल यांची, १९९३ ची. मोठ्या फाइलीचे तुकडे करणं आणि बिघडलेला तुकडा दुरुस्त करणं यात ती सरस होती. फोन लाइनवरून रडतखडत फाइली उतरवण्याच्या काळात याला फार किंमत होती, म्हणून कॉमिक्स स्कॅन करणाऱ्यांनी ती उचलली. रार उघडण्याचा कोड उपलब्ध आहे, पण त्यावरून रार बांधणारा प्रोग्राम लिहायला परवाना मनाई करतो. म्हणजे उघडायची मुभा आहे, बांधण्याची किल्ली मात्र मालकाकडेच.

एसची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. विनरार हा प्रोग्राम एस फाइली उघडण्यासाठी एक बाहेरचा तुकडा वापरत असे. तो २००५ पासून बदललेला नव्हता आणि त्याचा मूळ कोड विनरारकडे नव्हता. २०१९ मध्ये त्यात सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं. दुरुस्ती करणं शक्यच नव्हतं, म्हणून विनरारनं एसचा पाठिंबाच काढून टाकला. कोणी आपले अंक 'सीबीए'मध्ये बांधून निश्चिंत बसलं असेल, तर चित्रांना धक्का न लागताही दार बंद झालं.

आता पुरचुंडीवरच्या चिठ्ठीबद्दल. १९९२ मध्ये नेथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम'चे नियम मांडले. इंटरनेटवरून येणारी वस्तू चित्र आहे, मजकूर आहे की आणखी काही, हे सांगणारी चिठ्ठी तिच्यासोबत यावी, ही त्यामागची कल्पना. कॉमिक्सच्या फाइली बरीच वर्षं 'अ‍ॅप्लिकेशन/एक्स-सीबीझेड' अशा घरगुती चिठ्ठीवर फिरत होत्या. पुढे अशा नावांची नोंद ठेवणाऱ्या 'आयाना'च्या यादीत त्यांना अधिकृत नावं मिळाली. सीबीझेडच्या नावाचा शेवट 'कॉमिकबुक+झिप' असा आहे आणि सीबीआरच्या नावाचा 'कॉमिकबुक-रार' असा. अधिकचं चिन्ह सांगतं की आतली रचना सर्वमान्य झिप आहे. रारला तो मान नाही, म्हणून तिथे साधी आडवी रेघ.

चिठ्ठी नेहमी खरं बोलतेच असं नाही. नावात सीबीआर आणि आत झिप, अशा फाइली सर्रास आढळतात. म्हणून चांगले वाचक-प्रोग्राम नावावर न जाता फाइलीची पहिली अक्षरं तपासतात. झिपच्या सुरुवातीला 'पीके' असतं, म्हणजे फिल कॅट्झची आद्याक्षरं. रारच्या सुरुवातीला 'रार!' असतं.

मराठी वाचकाला दोन अडचणी जास्त भेडसावतात. पहिली फाइलींच्या नावांची. जुन्या झिपला मूळ आयबीएम पीसीची अक्षरंच ठाऊक होती. युनिकोडमधली नावं ठेवण्याची सोय आराखड्यात २००६ साली आली. त्यामुळे पानांना देवनागरी नावं दिलेल्या जुन्या पुरचुंडीत ती नावं अगम्य खुणा होऊन बसतात आणि पानांचा क्रम विस्कटतो. पानांना ००१, ००२ असे इंग्रजी आकडे देणं सगळ्यात बिनधोक. पुढची शून्यं गाळली तर काही प्रोग्राम पहिल्या पानानंतर थेट दहावं दाखवतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. 'कॉमिकरॅक' या प्रोग्राममुळे पुरचुंडीत 'कॉमिकइन्फो' नावाची माहितीची फाइल ठेवायची पद्धत पडली. तिच्यात लेखक, चित्रकार, अगदी फुग्यांतली अक्षरं लिहिणाऱ्यासाठीही रकाना आहे. अनुवादकासाठी मात्र मूळ यादीत रकानाच नव्हता. एका भाषेत लिहून त्याच भाषेत वाचणाऱ्यांनी केलेली ती यादी होती. ज्यानं फँटमच्या तोंडी मराठी घातली, त्याच्यासाठी तिच्यात जागा नाही. शिवाय स्कॅन करताना अनेकजण जाहिराती आणि आतली मुखपृष्ठं गाळतात. अंक कुठे छापला, किंमत काय होती, तेव्हा मुलांना काय विकलं जात होतं, हे इतिहासकाराला तिथेच सापडतं.

अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या ज्या कॉमिक्सच्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, ती मुक्त झाली. म्हणून 'डिजिटल कॉमिक म्युझियम' ती खुलेआम देऊ शकतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, त्यामुळे आपल्या बहुतेक अंकांचं वाटप करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडच्या प्रतीची नीट नोंद ठेवायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

ती कशी ठेवावी, हे वरच्या इतिहासातूनच निघतं. पुरचुंडी झिपची असावी. सीबीआर असेल तर सोडून सीबीझेडमध्ये बांधावी. चित्रं पुन्हा दाबायची गरज नाही, त्यामुळे गुणवत्ता तसूभरही घटत नाही. पहिल्या मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत एकही पान गाळू नये. आणि अंकावर अनुवादकाचं नाव छापलेलं असेल, तर ते माहितीच्या फाइलीत टिपणांच्या रकान्यात लिहावं. एका अंकाला दहा मिनिटं पुरतात आणि हे काम ज्यांच्या हातात ते अंक आहेत, त्यांनीच करायचं आहे.