मोठा आवाज आणि फाटका आवाज : ध्वनिमुद्रणातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहे. संयान म्हणजे आजच्या संजाण ह्या मंडलाचा कारभार पाहणाऱ्या अरब अधिकाऱ्याचे नाव त्यात ‘मधुमति’ असे कोरलेले असून, ‘मुहम्मद’ ह्या नावाचे ते संस्कृत रूप होय, हे मत मान्य झालेले आहे. तत्कालीन कानाने एक परके नाव कसे पकडले, ह्याचा तो पुरावा आहे. परंतु ते नाव कोणत्या सुरात, कोणत्या आघाताने, किती मोठ्याने उच्चारले जात होते, हे ताम्रपट सांगू शकत नाही. ही उणीव भरून काढणारे साधन मानवाच्या हाती ध्वनिमुद्रणाच्या रूपाने आले. आणि त्याच्याबरोबरच आवाज मोठा तर करावयाचा, पण तो फाटू द्यावयाचा नाही, हा प्रश्नही आला.

आज डहाणू व तलासरी तालुक्यांत तारप्याचे वादन, वारली लग्नांतील धवलेरींची गाणी, किनाऱ्यावरील कोळी-मांगेल्यांची गीते घरच्या घरी, फोनवर किंवा लहानशा संगणकावर मुद्रित होऊ शकतात. असे मुद्रण करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : आपले गाणे बाजारातील गाण्यापेक्षा बारीक वाटते, आणि आवाज चढवावा तर तो फाटतो. हा प्रश्न नवा नाही, आणि तो निव्वळ तांत्रिकही नाही. त्याचा इतिहास पाहिल्यास त्यात भाषाभ्यासकाचेही काही हितसंबंध गुंतलेले आहेत, असे दिसून येईल.

ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या काळी आवाज मोठा करण्याचे साधन म्हणजे गळा. जुलै १९२१ मध्ये मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले ह्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा भरगच्च नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचविण्यास ध्वनिवर्धक नव्हता. गायकाचा आवाज वाद्यवृंदावर मात कशी करतो, ह्याचे शास्त्रीय उत्तर पुढे १९७० च्या दशकात स्वीडनचे योहान सुंडबेर्ग ह्यांनी पाश्चात्त्य ऑपेराच्या गायकांवरून दिले. शिकविलेला गळा आपली शक्ती दर सेकंदाला ३,००० कंपनांच्या आसपास एकवटतो. तेथे वाद्यवृंद दुबळा असतो, आणि मानवी कान विशेष तीक्ष्ण असतो. तात्पर्य, मोठेपणा म्हणजे केवळ जोर नव्हे. जोर कोठे लावला, हेही तितकेच महत्त्वाचे.

१९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग ह्यांनी कलकत्त्यास गौहरजान हिचे गायन तबकडीवर घेतले. त्या काळी गायकाने कर्ण्यासमोर गावयाचे, आणि त्याच्या आवाजाच्या बळावरच सुई मेणावर खाच कोरीत असे. आवाज कमी पडला तर तबकडीची खरखर त्याला गिळून टाकी. अधिक झाला तर खाचेचे हेलकावे शेजारच्या खाचेवर जाऊ पाहत. म्हणून वरच्या सुरावर गायकाने मागे सरावे आणि खालच्या सुरावर पुढे यावे, अशी रीत पडली. शिखरे दाबावयाची आणि दऱ्या उचलावयाच्या, हे आजच्या यंत्रांचे तत्त्व त्या वेळी गायकाच्या पावलांनी पाळले जात होते.

१९२५ पासून विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झाले. मायक्रोफोन आणि निर्वात नलिकांचा वर्धक ह्यांच्यामुळे क्षीण आवाजही हवा तितका मोठा करता येऊ लागला. परंतु प्रत्येक वर्धकाला एक कमाल मर्यादा असते. तरंगाचे शिखर त्या मर्यादेपलीकडे गेले की ते छाटले जाते; गोलसर माथा सपाट होतो, आणि मूळ आवाजात नसलेली वरच्या पट्टीतील कंपने निर्माण होतात. ज्याला आपण ‘आवाज फाटणे’ म्हणतो ते हेच. १९३० च्या दशकात अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनी प्रक्षेपकावर अतिरिक्त भार पडू नये म्हणून शिखरे आपोआप आवरणारे मर्यादक वापरात आणले. म्हणजे हे यंत्र मूलतः संरक्षणासाठी जन्मले. मोठेपणा मिळविण्यासाठी त्याचा उपयोग नंतर सुरू झाला.

त्याच दशकात, १९३३ मध्ये, फ्लेचर व मन्सन ह्यांनी दाखविले की, समान शक्तीचे निरनिराळ्या पट्ट्यांतील स्वर कानाला समान मोठे वाटत नाहीत. विशेषतः खर्जातील स्वर हळू आवाजात फार क्षीण वाटतात. येथे ‘शक्ती’ आणि ‘मोठेपणा’ ह्या दोन संकल्पना कायमच्या विभक्त झाल्या. शक्ती दुप्पट केली, म्हणजे ३ डेसिबल वाढविली, तर कानाला थोडाच फरक जाणवतो. आवाज दुप्पट मोठा भासण्यास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते.

१९८० च्या दशकात कॅसेटने आपल्या देशातील मोठ्या तबकडी-कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक संगीत गावोगाव पोहोचविले. चुंबकीय फितीचा एक गुण असा की, अतिरिक्त आवाजाने ती हळूहळू संपृक्त होते, एकदम छाटत नाही. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत ही क्षमा राहिली नाही. तेथे तरंगाची प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसते, आणि सर्वांत वरच्या पायरीच्या वर काहीच नसते. १९९० च्या दशकात येणारे शिखर आधीच पाहून ते आवरणारे संगणकीय मर्यादक निघाले, आणि प्रत्येक निर्माता शेजाऱ्यापेक्षा मोठा होऊ पाहू लागला. २००८ मध्ये मेटॅलिका ह्या वृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ ह्या संग्रहावर श्रोत्यांनीच आवाज फाटल्याचा आक्षेप घेतला. दरम्यान २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाच्या स्वभावास अनुसरून मोठेपणा मोजण्याची पद्धती प्रमाणित केली होती. तिच्या आधारे आज इंटरनेटवरील प्रमुख संगीतसेवा अतिमोठी गाणी आपण होऊन खाली आणतात. सारांश, शिखरे छाटून मिळविलेला मोठेपणा तेथे परत घेतला जातो. फाटलेपणा मात्र तसाच राहतो.

ह्या इतिहासावरून घरगुती मुद्रणाची रीत सहज निघते. तारप्याचेच उदाहरण घेऊ. भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडपानांचा कर्णा ह्यांचे हे वाद्य वादक श्वास न तोडता वाजवितो. त्याचा नाद अखंड असल्यामुळे सरासरी पातळी शिखराच्या जवळच राहते, आणि ते मुळातच भरघोस वाटते. नाचातील ताल धरणाऱ्या काठीचे आघात मात्र क्षणिक आणि उंच असतात. समजा, हे आघात बाकीच्या नादापेक्षा १२ डेसिबल वर गेले, तर सर्व जागा तेच अडवितात, आणि तारपा खाली दबलेला राहतो. उपाय हा की, मुद्रण करतानाच कमाल मर्यादेच्या खाली १० डेसिबल जागा मोकळी ठेवावी. निरुपयोगी खर्ज, म्हणजे वाऱ्याचा व हाताळणीचा घरघराट, आधी गाळावा. मग फक्त ते आघात मर्यादकाने २-३ डेसिबल आवरावेत आणि संपूर्ण मुद्रण तितकेच वर उचलावे. अंतिम शिखर मर्यादेच्या १ डेसिबल खालीच असावे. मूळ आणि संस्कारित प्रत ह्यांची तुलना दोन्हींचा मोठेपणा सारखा करूनच करावी. अन्यथा मोठे ते चांगले, हा कानाचा भ्रम निकाल देऊन टाकतो.

धवलेरीच्या गाण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या विषयाशी तिचा निकटचा संबंध आहे. तेथे महत्त्व शब्दाला आहे. ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ‘फ’ ह्यांतील भेद स्फोटानंतरच्या काही शतांश सेकंदांच्या क्षीण श्वासावर अवलंबून असतो. मुद्रण फार दाबले तर हा श्वास, गायिकेचा दम आणि अंगणातील कुजबूज एकाच पातळीवर येतात. शिखरे छाटली तर नसलेले घर्षण ऐकू येऊ लागते. आणि कोणत्या अक्षरावर जोर होता, ही माहिती तर समूळ नष्ट होते. ग्रिअर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाच्या आश्रयाने १९१३ ते १९२९ ह्या काळात भारतीय बोलींच्या तबकड्या मुद्रित झाल्या. खरखर असूनही त्या आज उपयोगी पडतात, कारण बोलणाऱ्याच्या आवाजातील चढउतार कोणी मुद्दाम सपाट केलेले नाहीत. अ. मा. घाटगे ह्यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणात ठाणे जिल्ह्यातील वारली बोलीचे वर्णन केले. ते वर्णन पुढे कोणास आवाजाशी ताडून पाहावयाचे झाल्यास अशीच अविकृत मुद्रणे लागतील.

यास्तव क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन प्रती ठेवण्याचा नेम करावा. एक प्रत गावासाठी : ती चांगली मोठी, अंगणात वाजविल्यावर नाच उभा करणारी असावी, लोकांच्या गाण्याने बाजारातील गाण्यापुढे बारीक का राहावे? दुसरी प्रत संग्रहासाठी : जशी मुद्रित झाली तशी, कोणताही संस्कार न केलेली. पहिली प्रत दुसरीवरून केव्हाही करता येते. दुसरी पहिलीवरून कधीही परत मिळत नाही.