परदेशातला पुरावा आणि आरोपीची बाजू

आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, या तत्त्वाचा विचार आपण मागच्या व्याख्यानात केला. आज इथे चेंबूरमध्ये त्याच तत्त्वाची एक अडचणीची जागा पाहू. आरोपीच्या बाजूचा पुरावा परक्या देशात असेल, तर तो आणायचा कोणी?

आपला कायदा इथे सरकार पक्षाकडे झुकलेला दिसतो. १९९० साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६६-अ आलं. तपास अधिकाऱ्याने अर्ज केला, की आपलं न्यायालय परदेशी न्यायालयाला विनंतीपत्र पाठवू शकतं. वकील त्याला ‘लेटर रोगेटरी’ म्हणतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ११२ झालं आहे. अर्ज करायचा तो तपास अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने. आरोपीला ही वाट नाही. खटला सुरू झाल्यावर परदेशातल्या साक्षीदारासाठी कमिशन मागता येतं, पण तोवर बराच काळ गेलेला असतो.

बरं, साक्ष नोंदली म्हणजे झालं का? तर नाही. मार्च २०१२ मध्ये २६/११ च्या खटल्यासाठी पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला. लखवी आणि इतर आरोपींचे वकील त्यात होते. दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि डॉक्टर यांचे जबाब झाले, पण ठरलेल्या अटींप्रमाणे उलटतपासणीला परवानगी नव्हती. रावळपिंडीच्या न्यायालयाने ते जबाब ग्राह्य धरले नाहीत. मग सप्टेंबर २०१३ मध्ये पुन्हा यावं लागलं आणि या वेळी उलटतपासणी झाली. त्या आरोपींबद्दल आपल्या मनात काय आहे ते सांगायला नको. पण उलटतपासणी नाकारली तेव्हा नुकसान आपल्याच पुराव्याचं झालं, हे मान्य करावं लागतं.

आता एक उलटा प्रसंग घेऊ. इथे खटला परदेशात होता आणि पुरावा आपल्या मुंबईत. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला फिरायला गेलं. दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोच्या आसपास चरस सापडलं. नात्यातल्या बाईने ओळखीच्या माणसासाठी दिलेलं पाकीट आहे, त्यात काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही, असं दोघं सांगत राहिले. पण पाकीट तर त्यांच्याच बॅगेत होतं ना! दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. फेब्रुवारी २०२० मध्ये तुरुंगातच मुलगी झाली.

दोह्यातला वकील मुंबईत येऊन काय तपास करणार? तो घरच्यांनी केला. फोनवरच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग त्यांनी शोधून काढलं, पोलिसांकडे आणि एनसीबीकडे खेटे घातले. एनसीबीने इथे गुन्हा नोंदवून अटका केल्या आणि तपासाची माहिती सरकारी मार्गाने कतारला पोचली. घरच्यांचं रेकॉर्डिंग नुसतंच दोह्याला गेलं असतं, तर त्याला किती वजन मिळालं असतं, याची आम्हाला शंका आहे. एनसीबीलाही ती टोळी हवी होती, म्हणून हे जुळलं.

जानेवारी २०२१ मध्ये कतारच्या वरिष्ठ न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. मार्चमध्ये दोघं निर्दोष सुटले, एप्रिलमध्ये मुंबईत उतरले. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती.