टेक्सासची ज्वारी आणि पुसदचा माणूस

आजची गोष्ट सुरू होते अमेरिकेत, पण संपते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या धुऱ्यावर. इअरफोन लावा आणि जरा दमानं ऐका.

1950 चं दशक. दुसरं महायुद्ध संपलंय आणि अमेरिकेत पैसा खेळतोय. घरोघरी गाडी, फ्रिज, टीव्ही. शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहतायत. आणि धान्य? गोदामं इतकी भरली होती की ठेवायचं कुठं हा तिथल्या सरकारपुढचा प्रश्न होता. मग 1954 च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. तोच तो पीएल-480. जास्तीचं धान्य गरजू देशांना द्यायचं, आणि त्यांनी पैसे त्यांच्याच चलनात द्यायचे. 1956 मध्ये भारतानं त्याखाली करार केला. माझे आबाजी रेशनच्या लाल 'मिलो' ज्वारीबद्दल सांगायचे ना, ती याच रस्त्यानं आलेली. भाकर थापली की तुटायची, म्हणायचे. पण पोट भरायचं.

आता दुसरा धागा. याच दशकात टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीतली एक मोठी अडचण सोडवली. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करताच येत नव्हता. एकेका फुलाशी हातानं किती झगडणार? त्यांनी असा वाण वापरात आणला ज्याचे परागकण निकामी असतात. त्याच्या शेजारी दुसऱ्या वाणाची ओळ लावायची, बाकीचं काम वारा करतो. काही वर्षांतच तिथल्या शेतातली जुनी ज्वारी गेली आणि संकरित आली.

आणि आपल्याकडे? पुसद तालुक्यातलं गहुली गाव. 1 जुलै 1913 ला तिथल्या बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक जन्मले. नागपूरला शिकले, वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले. 1952 मध्ये पहिल्या निवडणुकीत पुसदहून आमदार झाले, पण कुठल्या विधानसभेत? मध्य प्रदेशच्या! कारण तेव्हा वऱ्हाड त्या राज्यात होतं आणि राजधानी होती नागपूर. 1956 मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. गाव जागच्या जागी, माणूस तोच, आणि आठ वर्षांत राज्यं तीन.

इथं एक मिनिट थांबू. 5 डिसेंबर 1963 ला तांड्यातून आलेला हा माणूस महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. त्याच वर्षी सुबत्तेच्या अमेरिकेत, दक्षिणेकडच्या राज्यांत, काळ्या नागरिकाला मतदार यादीत नाव घालायला गेलं तर परत पाठवायचे. तिथला मतदान हक्काचा मोठा कायदा आला 1965 मध्ये. आपल्या तांड्यातल्या बाईनं 1952 लाच मत दिलेलं. तांड्यावरचे सगळे प्रश्न त्यानं सुटले असं अजिबात नाही. पण घरात फ्रिज आला म्हणून हातात हक्क येत नाही, एवढं यातून कळतं.

आता दोन्ही धागे जुळतात बघा. 1964 मध्ये भारतात पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-1. तिचा मादी वाण थेट अमेरिकेतला, कंबाइन काफिर 60. त्याचं मूळ आफ्रिकेत. म्हणजे आफ्रिकेतून अमेरिकेत आणि तिथून आपल्या काळ्या मातीत. 1965 मध्ये पाऊस दगा देऊन गेला, युद्धही झालं, आणि अमेरिका धान्याची जहाजं हात आखडून सोडायला लागली. तेव्हा नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. मग गावोगावी हायब्रीडचा प्रचार, विहिरी, खतं, शेतावर प्रयोग.

दोन वर्षांत सगळं साधलं का? नाही. 1972 च्या दुष्काळानं पुन्हा रांगेत उभं केलं. पण हायब्रीडनं दाणा वाढवला, हे खरंच. ती लवकर यायची, पाऊस लवकर गेला तरी काहीतरी हाती लागायचं.

आता दुसरी बाजू. ताट ठेंगणं, म्हणून कडबा कमी. बैलानं खायचं काय? खोडमाशी लागायची, उशिराचा पाऊस आला की कणीस काळं पडायचं. चवीबद्दल तर बोलूच नका. नुसता अंगानं वाढलेल्या पोराला 'हायब्रीड' म्हणतात, ते उगाच नाही.

पण मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. संकरित पिकाचा दाणा ठेवून पुढच्या वर्षी पेरला तर झाडं एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटतं. म्हणजे बियाणं दर वर्षी विकत. तोवर आजी चांगली कणसं निवडून, राखेत घोळून मडक्यात ठेवायची. बियाण्याचा निर्णय घरात व्हायचा, बाईच्या हातात असायचा. तो कृषी केंद्राच्या काउंटरवर गेला.

आज आपला जिल्हा कापसाचा. 2002 मध्ये बीटी कापूस आला, तोही पाकिटातून आणि त्यातलं तंत्रज्ञानही अमेरिकेचंच. आपल्याकडच्या आत्महत्यांना पाकीट एकटं जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. कर्ज, भाव, कोरडवाहू जमीन, सगळं त्यात आहे. पण पेरणीआधीच खिसा रिकामा होण्याची सवय कुठून लागली, हे विचारलंच पाहिजे.

नाईकांना मी दोष देत नाही. उपाशी माणसासमोर त्यांनी भाकर निवडली, मीही तीच निवडली असती. फक्त त्या भाकरीची किंमत कुणी, किती वर्षं मोजली, हा हिशोब आपल्या पिढीनं करायचा आहे.

1 जुलैला कृषी दिनाचे मेसेज फॉरवर्ड कराल तेव्हा एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हायब्रीडच्या आधी आपल्या वावरात कोणती ज्वारी होती? नाव आठवलं तर मला नक्की पाठवा. पुढच्या भागात ती नावं मी वाचून दाखवीन. भेटू राजेहो!