प्रोसेसरचा वेग, विद्युतदाबातील घट आणि थ्रॉटलिंग : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७४–२०२४)

प्रस्तावना

पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराचा विचार बहुधा सिंचन व पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात होतो. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉट क्षमतेचा, उलट फिरवल्यास पंप म्हणूनही काम करू शकणारा जलविद्युत संच आहे, याची दखल फारशी घेतली जात नाही. अशा संचाचा आणि टेबलावरील संगणकाच्या प्रोसेसरचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि, भार अचानक वाढला असता कोणती गोष्ट किती खाली येऊ द्यावयाची, हा प्रश्न दोहोंच्या अभिकल्पकांपुढे सारखाच होता आणि त्याचे उत्तरही पुष्कळ अंशी सारखेच दिले गेले.

प्रोसेसर त्याच्या निर्मात्याने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. असे करणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी आढळतात. पहिली, जड काम सुरू होताच प्रोसेसरचा विद्युतदाब ठरविलेल्या आकड्यापेक्षा खाली येतो. दुसरी, वाढविलेला वेग काही काळाने आपोआप कमी होतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. या दोन्ही गोष्टी बिघाड समजून घालविण्याचा प्रयत्न केला जातो. वस्तुतः त्या बहुतांशी बिघाड नसून हेतुतः घातलेल्या मर्यादा आहेत, आणि खरा बिघाड ओळखावयाचा असेल तर त्या मर्यादा का व केव्हा आल्या हे आधी जाणून घ्यावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गव्हर्नरची परंपरा

जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. इंजिनावरील भार वाढला की वेग थोडा कमी होई, गोळे खाली येत आणि वाफेची झडप अधिक उघडे. मात्र वेग पूर्वपदावर तंतोतंत येत नसे. वाढलेल्या भाराला थोडा कमी वेग, असाच समतोल साधला जाई. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये गव्हर्नरांच्या स्थैर्याचे गणिती विवेचन केले. पुढे वीजनिर्मितीत या किंचित घटीला ‘ड्रूप’ हे नाव रूढ झाले आणि ती दोष न राहता गरज ठरली. एकाच जाळ्यावर अनेक संच चालत असताना प्रत्येकाने वेग तंतोतंत राखण्याचा हट्ट धरला, तर भाराची वाटणी स्थिर राहत नाही. संच एकमेकांवर भार ढकलीत राहतात. म्हणून भार वाढला की वारंवारता थोडी खाली येऊ द्यावयाची, हे गव्हर्नरमध्येच योजलेले असते. वारंवारता फारच खाली गेली तर स्वयंचलित रिले काही फीडर तोडतात आणि उर्वरित जाळे वाचवितात. थ्रॉटलिंगचे तत्त्व यापेक्षा फार वेगळे नाही.

स्वस्त वेगाचा काळ आणि त्याचा शेवट

आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ट्रान्झिस्टरचा आकार ज्या प्रमाणात लहान होईल त्याच प्रमाणात विद्युतदाबही कमी केला, तर वेग वाढूनही प्रति क्षेत्रफळ उष्णता तेवढीच राहते, हे त्याचे सार होय. प्रोसेसरला लागणारी शक्ती ही वेगाच्या प्रमाणात, परंतु विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पुढील सुमारे तीस वर्षे उद्योग या वाटेने चालला. १९८९ चा ८०४८६ प्रोसेसर ५ व्होल्टवर चाले. १९९४ पर्यंत ३.३ व्होल्टचे प्रोसेसर आले आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाब १.२ ते १.४ व्होल्टच्या आसपास पोहोचला.

हौशी मंडळींचे ओव्हरक्लॉकिंग याच समृद्धीचे अपत्य होय. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकाचा वेग ६ मेगाहर्ट्झ होता; त्यातील १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसविला की तो ८ मेगाहर्ट्झने चाले. कंपनीने पुढच्या आवृत्तीत वेगाची तपासणी घालून ही वाट बंद केली. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००-ए हा तर या क्षेत्रातील दंतकथाच ठरला. त्याचा गुणक ४.५ होता, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने, आणि पुष्कळदा दाब न वाढविता, चाले. २००० साली एएमडीच्या ड्युरॉन व अॅथलॉन प्रोसेसरवरील बारीक जोडबिंदू शिसपेन्सिलीने जोडून गुणक मोकळा करण्याची युक्ती प्रचारात आली. शिसपेन्सिलीने प्रोसेसर सुधारता येतो, असे पुन्हा कधी घडेल असे वाटत नाही.

परंतु त्याच वर्षी इशाराही मिळाला होता. इंटेलने जुलै २००० च्या अखेरीस बाजारात आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ अस्थिर ठरल्याने ऑगस्टमध्ये परत घ्यावा लागला; म्हणजे निर्मात्यालाच वेगाची कड सापडली होती. दाब आणखी कमी केला तर ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही व प्रवाहाची गळती वाढते, ही मूळ अडचण होती. मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा प्रोसेसर रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेतही सोडला. यानंतर एका गाभ्याचा वेग वाढविण्याऐवजी गाभ्यांची संख्या वाढविण्याकडे उद्योग वळला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक नोंद करणे अगत्याचे आहे. अमेरिकी निर्यात निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यात एखादा असाधारण वेगवान प्रोसेसर नव्हता; ट्रान्सप्युटर नावाचे साधे प्रोसेसर समांतर जोडलेले होते. जी वाट जगाने २००४ नंतर उष्णतेमुळे नाइलाजाने धरली, ती पुण्यात अभावामुळे तेरा वर्षे आधीच धरली गेली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथा आलेला पुण्याचा ‘एका’ महासंगणक ३ गिगाहर्ट्झच्या चौदा हजारांहून अधिक गाभ्यांचा होता. २०१९ मध्ये पुण्यातील आयसरमध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये तर उष्णता काढण्यासाठी द्रवशीतन थेट प्रोसेसरपर्यंत नेण्यात आले.

दाबघट : दोष की योजना

दाब कमी होत गेला तसा प्रवाह वाढत गेला, ही बाब सामान्यतः लक्षात येत नाही. ५ व्होल्टवर ५ वॉट घेणाऱ्या प्रोसेसरला १ अॅम्पियर पुरतो, १.२५ व्होल्टवर १०० वॉट घेणाऱ्याला ८० अॅम्पियर लागतात. पाच अश्वशक्तीचा तीन फेजचा कृषिपंप सुमारे ७ ते ८ अॅम्पियर घेतो. म्हणजे नखाएवढा प्रोसेसर शेतातील पंपाच्या दसपट प्रवाह ओढतो. डीपीपासून दूर, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पंपाला दाब कमी मिळतो हे पैठण तालुक्यातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तारेचा रोध आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेतच खर्च होतो. मदरबोर्डवर हे अंतर केवळ काही सेंटिमीटर असते, परंतु ८० अॅम्पियरला १ मिलिओहम रोधही ०.०८ व्होल्ट खातो, आणि १.२५ व्होल्टमध्ये ही घट ६ टक्क्यांहून अधिक ठरते.

तथापि, भाराखालील सर्वच घट तारेच्या रोधाची नसते. पेंटियम-४ च्या पिढीपर्यंत ‘लोडलाइन’ रूढ झाली. प्रवाह वाढेल तसा दाब ठरावीक उताराने खाली यावा, अशी सूचनाच दाबनियंत्रक मंडलाला दिलेली असते. याचे कारण भार वाढण्यात नसून भार एकदम कमी होण्यात आहे. ८० अॅम्पियरवरून प्रवाह क्षणार्धात १० वर आला की नियंत्रक मंडलाला सावरेपर्यंत दाब उसळी घेतो. मूळ दाब आधीच थोडा खाली असेल तर ही उसळी मर्यादेच्या आत राहते. तो कमाल पातळीवर धरून ठेवला असेल तर उसळी मर्यादा ओलांडते, आणि ती इतकी अल्पकालीन असते की पडद्यावरील आकड्यांत दिसतही नाही. २००० च्या दशकाच्या मध्यास हौशी मंडळींनी मदरबोर्डवरील रोधकावर पेन्सिल फिरवून ही घट घालविण्यास सुरुवात केली. पुढे मदरबोर्ड निर्मात्यांनी हीच सोय ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’ या नावाने मेनूत दिली. या सोयीची सर्वांत वरची पायरी निवडणे म्हणजे गव्हर्नरचा ड्रूप शून्य करण्यासारखे आहे. मधली पायरी बहुधा पुरेशी असते.

थ्रॉटलिंगचा उगम

नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम-४ मध्ये तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास घड्याळाचे ठोके गाळून वेग कमी करणारी यंत्रणा प्रोसेसरमध्येच होती. सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू संगणकावरील शीतक काढून घेण्याचा प्रयोग चित्रित केला. पेंटियम-४ रखडत का होईना चालत राहिला. अॅथलॉन काही सेकंदांत जळाला. त्या काळी थ्रॉटलिंगची चेष्टा करणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर देता आले नसते. २००८ च्या कोअर आय-७ पासून ‘टर्बो बूस्ट’ आला आणि प्रोसेसर स्वतःच, तापमान व शक्ती पाहून, ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ लागला. ओव्हरक्लॉकिंग आणि थ्रॉटलिंग या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू बनल्या.

निदानाचा क्रम

उपरोक्त इतिहासावरून निदानाचे पहिले सूत्र हाती येते. वेग कमी झाला पण संगणक चालू राहिला, तर मर्यादांनी आपले काम केले. वेग कायम राहिला पण संगणक बंद पडला, निळा पडदा आला किंवा गणिताचे उत्तर चुकले, तर दाब अपुरा पडला. दाबाची कमतरता पूर्वसूचना देत नाही, म्हणून दुसरी अवस्था अधिक गंभीर मानावी.

एकच जड काम चालवून तापमान, वेग, दाब व शक्ती यांची एकत्र नोंद ठेवावी. तापमान १०० अंशांच्या मर्यादेला टेकून वेग घसरत असेल तर दोष शीतकाचा, लेपाचा किंवा अतिरिक्त दाबाचा आहे; अशा वेळी दाब वाढविणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. तापमान ७५ अंश असूनही, विशेषतः २८ किंवा ५६ सेकंदांनी, वेग उतरत असेल तर अल्पकालीन शक्तिमर्यादेची मुदत संपलेली असते. तापमान व शक्ती दोन्ही मर्यादेत असतील तर दाबनियंत्रक मंडल स्वतःच तापले आहे काय ते पाहावे. पाण्याने प्रोसेसर थंड करणाऱ्यांच्या बाबतीत हे अनेकदा घडते, कारण जुन्या पंख्याची वाऱ्याची झुळूक त्या मंडलालाही मिळत असे. १२ व्होल्टची वाहिनी भाराखाली ११.४ च्या खाली जात असेल तरच एसएमपीएसवर संशय घ्यावा.

मराठवाड्यात येथेच एक गल्लत होते. खोलीतील दिवा मंद झाला की प्रोसेसरचाही दाब उतरला, असे समजले जाते. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस २३० चे १९० झाले तरी अधिक प्रवाह ओढून १२ व्होल्ट कायम राखतो. पुरवठा फारच खालावला वा क्षणभर तुटला तर संगणक सरळ बंद पडतो. त्याचा वेग मंदावत नाही. स्टॅबिलायझर बसवून थ्रॉटलिंग जाणार नाही.

जाते ते हवामानाने. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के वाढविला, तर शक्ती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. मूळ स्थितीत प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी अधिक तापत असेल, तर आता तो ५८ अंशांनी अधिक तापेल. २५ अंशांच्या खोलीत हे ८३ होतात आणि सर्व ठीक वाटते. एप्रिल-मे महिन्यांतील पैठणच्या ४२ अंशांत तेच १०० होतात. थंड देशांत लिहिलेले आकडे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्यास डिसेंबरात यश मिळते आणि उन्हाळ्यात संगणक बिघडल्याचा भास होतो.

अलीकडील दोन घटना

एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७०००-एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डसह जळाल्याचे उघड झाले. सहायक भागाला दिला जाणारा दाब मर्यादेबाहेर गेला होता आणि कंपनीने तो १.३ व्होल्टवर रोखला. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील प्रोसेसरांची गोष्ट अधिक बोधक आहे. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा अधिक दाब मागत असल्याचे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्टमधील मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि सप्टेंबरमध्ये कारणांचे सविस्तर विवरण देऊन आणखी एक सुधारणा देण्यात आली. त्यात, स्थिर चालण्यासाठी लागणारा किमान दाबच कालांतराने वर सरकत असल्याचे म्हटले होते. म्हणजे आदल्या वर्षी ज्या दाबावर प्रोसेसर नीट चाले, तो आता त्यास अपुरा पडू लागला. अशा प्रोसेसरवरील लक्षणे नेमकी दाबघटीसारखीच दिसत, आणि वापरकर्ता दाब आणखी वाढवून झीज वाढवी. आधी झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नव्हती. कंपनीने हमीचा कालावधी दोन वर्षांनी वाढविला.