एक हिशेबनीस, चार निरोपे

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेने एक वर्कस्टेशन विकत घेतले. वर्कस्टेशन म्हणजे टेबलाखाली मावणारा, पण दिवसचे दिवस न थांबता जड आकडेमोड करू शकणारा संगणक. दोन कोटेशने आली होती आणि किंमत जवळपास सारखीच होती. एका यंत्राच्या प्रोसेसरमध्ये १६ कोअर होते, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे १६ भाग. दुसऱ्यात ६४ कोअर होते, पण त्यातला प्रत्येक कोअर संथ होता. पहिल्या यंत्राचा कोअर दुसऱ्याच्या कोअरपेक्षा १.६ पट वेगवान होता. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून एकूण ताकद काढली, तर दुसरे यंत्र पहिल्याच्या अडीचपट भरत होते. आम्ही दुसरे घेतले. खरेदी समितीच्या कागदावर ती शिफारस मीच लिहिली होती.

यंत्र आले आणि माझ्या एका विद्यार्थिनीने आपले गणित त्यावर चालवले. ते रेणूंच्या हालचालींचे गणित होते आणि त्यात प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून होते. जुन्या यंत्रावर त्याला नऊ दिवस लागत, नव्यावर अकरा लागले. तिच्या प्रबंधाची मुदत जवळ आली होती. "सर, बाकीचे कोअर काय करताहेत?" तिने विचारले. बहुतेक कोअर नुसते बसून होते.

माझी चूक काही नवी नव्हती. थोडे पण वेगवान प्रोसेसर घ्यावेत की पुष्कळ पण संथ, हा वाद संगणकाच्या इतिहासात अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यात घडले आहे.

पेपर तपासणीचे गणित

१९६७ साली अमेरिकेतल्या एका संगणक परिषदेत आयबीएम कंपनीतील जीन अ‍ॅमडाल या अभियंत्याने एक छोटासा निबंध वाचला. अनेक प्रोसेसर एकत्र जोडले की काम तितक्या पट लवकर होईल, अशी आशा त्या काळी वाढत होती. अ‍ॅमडाल यांनी तिला मर्यादा घालून दिली. त्यांचा मुद्दा शिक्षकांना समजायला मुळीच अवघड नाही, कारण तो आपण दर परीक्षेनंतर अनुभवतो.

समजा, ४०० उत्तरपत्रिका तपासायला एका शिक्षकाला ३६ तास लागतात. त्यानंतर निकालपत्रक तयार करायला ४ तास लागतात. निकालपत्रकाची वही एकच असल्याने ते काम एकानेच करावे लागते. एकूण वेळ झाला ४० तास. आता तपासायला चार शिक्षक बसवले तर ९ तासांत तपासणी संपेल आणि ४ तास निकालपत्रकाचे, म्हणजे १३ तास. छत्तीस शिक्षक बसवले तर १ अधिक ४, म्हणजे ५ तास. साऱ्या जिल्ह्यातले शिक्षक बोलावले तरी वेळ ४ तासांच्या खाली जाणार नाही. कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नसेल तर वेग दहापटीपलीकडे जाऊ शकत नाही. यालाच अ‍ॅमडालचा नियम म्हणतात.

याची दुसरी बाजूही पाहू. चार सामान्य शिक्षकांऐवजी दुप्पट वेगाने काम करणारे दोनच शिक्षक मिळाले तर? दोन्ही गटांची एकूण ताकद सारखीच आहे. तपासणीला ९ तासच लागतील, पण निकालपत्रक २ तासांत होईल. एकूण ११ तास. १३ तासांपेक्षा हे दोन तासांनी कमी झाले. एकूण ताकद तीच असूनही थोडे पण वेगवान गडी जिंकले.

स्टार आणि क्रे

या नियमाचा चटका एका मोठ्या कंपनीला लवकरच बसला. अमेरिकेतल्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने १९७४ च्या सुमारास 'स्टार-१००' हा संगणक बाजारात आणला. आकड्यांच्या लांबलचक रांगा एकदम घेऊन त्यांच्यावर एकच क्रिया करण्याची सोय त्यात होती. कमाल वेग सेकंदाला १० कोटी आकडेमोडींचा. पण रांग सुरू करायलाच त्याला बराच वेळ लागे आणि रांगेत न बसणारी, एकेका आकड्याची कामे तो रखडत करी. खऱ्या प्रोग्रॅममध्ये अशी सुटी कामे पुष्कळ असतात. त्यामुळे कागदावरचा वेग प्रत्यक्षात फारसा दिसलाच नाही.

त्याच कंपनीतून १९७२ साली बाहेर पडलेल्या सेमूर क्रे यांनी वेगळा मार्ग धरला. १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोचलेल्या त्यांच्या 'क्रे-१' मध्येही रांगांची सोय होती. पण रांगेचे ६४ आकडे प्रोसेसरच्या अगदी लगतच्या कप्प्यांत ठेवलेले असत, त्यामुळे सुरुवातीचा उशीर थोडा. शिवाय सुट्या आकड्यांच्या कामातही हे यंत्र चपळ होते. कमाल वेग सेकंदाला १६ कोटी आकडेमोडी, म्हणजे स्टारच्या दुप्पटसुद्धा नाही. तरीही पुढची कितीतरी वर्षे 'महासंगणक' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर क्रेच येई.

चार संस्था, चार उत्तरे

१९८० च्या दशकात भारतालाही असे यंत्र हवे होते. अमेरिकेने मोठा क्रे दिला नाही म्हणून आपण 'परम' बनवला, ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो. ती अर्धी खरी आहे. मोठे मॉडेल मिळाले नाही, पण १९८८-८९ च्या सुमारास क्रे एक्स-एमपी/१४ हे लहान मॉडेल दिल्लीच्या हवामान अंदाज केंद्रासाठी मिळाले. नावातला १ म्हणजे एक प्रोसेसर आणि ४ म्हणजे ४० लाख शब्दांची मेमरी. त्या काळचे हवामानाचे बहुतेक मोठे प्रोग्रॅम अशाच यंत्रांसाठी बांधलेले होते, तेव्हा त्या कामाला ते यंत्र योग्यच होते.

बाकीच्या संस्थांनी बाजारात सहज मिळणाऱ्या चिपा जोडून समांतर संगणक बनवायला घेतले. गंमत अशी की प्रत्येकीने वेगळी चिप निवडली. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्ये 'फ्लोसॉल्व्हर' बनवला तो इंटेलच्या ८०८६ आणि तिच्या जोडीच्या ८०८७ या गणिती चिपवर. हैदराबादच्या 'अनुराग' या संरक्षण संशोधन संस्थेने 'पेस'साठी मोटोरोलाची ६८०२० घेतली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम'साठी इंटेलची आय-८६० घेतली. आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ट्रान्सप्यूटर निवडला.

ट्रान्सप्यूटर ही ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीची चिप. १९८७ साली आलेला तिचा टी-८०० हा प्रकार आकडेमोडीत तसा बेताचाच होता. २० मेगाहर्ट्झवर सेकंदाला सुमारे १५ लाख दशांश आकडेमोडी तो करी. पण त्याच्या अंगातच चार जोडण्या होत्या. चार शेजाऱ्यांशी तो थेट बोलू शके. एकाला एक जोडत गेले की संगणक मोठा होत जाई, मध्ये वेगळी यंत्रणा लागत नसे. सी-डॅकला तीन वर्षांत यंत्र उभे करायचे होते. अशा वेळी बोलकी चिप घेण्यात शहाणपण होते. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

हिशेब आणि निरोप

पण लवकरच ट्रान्सप्यूटरचा वेग अपुरा पडू लागला. तोवर आय-८६० गाजू लागली होती. १९८९ मध्ये आलेल्या या चिपवर दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते आणि ४० मेगाहर्ट्झवर तिचा कमाल वेग सेकंदाला ६ कोटी दुहेरी अचूकतेच्या आकडेमोडींचा होता. टी-८०० च्या तुलनेत हा वेग चाळीसपट भरतो. मात्र तिला शेजाऱ्यांशी बोलण्याच्या जोडण्या नव्हत्या.

सी-डॅकने केलेला उपाय मला फार आवडतो. 'परम ८६००' मध्ये प्रत्येक ठिकाणी एक आय-८६० आणि तिच्या दिमतीला चार ट्रान्सप्यूटर ठेवले. एक हिशेबनीस आणि चार निरोपे. कालचे हिशेबनीस आज निरोपे झाले, आणि प्रोग्रॅम लिहिण्याची व्यवस्था तीच राहिल्याने आधीचे कष्टही वाया गेले नाहीत.

मग यंत्र चाळीसपट वेगवान झाले का? मुळीच नाही. एका ८६०० ची ताकद सुमारे चार ८००० इतकी असल्याचे सांगितले जाई. निरोप्यांचा वेग होता तेवढाच राहिला, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण खुद्द आय-८६० मध्ये होते आणि ते वर्गात फळ्यावर मांडून दाखवता येईल. या चिपला मेमरीतून सेकंदाला जास्तीत जास्त १६ कोटी बाइट मिळत. दुहेरी अचूकतेचा एक आकडा ८ बाइटचा, म्हणजे सेकंदाला २ कोटी आकडे. मेमरीतल्या दोन आकड्यांची बेरीज करून उत्तर परत मेमरीत ठेवायचे तर तीन आकड्यांची ने-आण होते. म्हणजे सेकंदाला फार तर ६७ लाख बेरजा! सहा कोटींचा हिशेबनीस, पण त्याच्यापुढे कागदच येत नाहीत. आकडे चिपच्या पोटातल्या छोट्या साठ्यात ठेवून त्यांचा पुन्हा पुन्हा वापर केला तरच तिचा वेग मिळे. तसे प्रोग्रॅम हाताने लिहिणे जिकिरीचे होते आणि कंपायलरला ते नीटसे जमत नसे.

निवडीत आणखी एक धोका असतो तो चिपच्या भवितव्याचा. १९८९ मध्ये इनमॉस कंपनी विकली गेली. १९९१ मध्ये जाहीर झालेली तिची पुढची चिप टी-९००० रखडत गेली आणि अपेक्षित वेग गाठू शकली नाही. १९९४ च्या 'परम ९०००' मालिकेत सी-डॅकने यापासून धडा घेतलेला दिसतो. वर्कस्टेशनमध्ये वापरली जाणारी स्पार्क जातीची चिप त्यात घेतली, पण रचना अशी केली की उद्या दुसरी चिप बसवता यावी. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये अल्ट्रास्पार्क आली, तर पुढच्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमची पॉवर-४.

आमच्या यंत्राचे काय झाले?

विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वेगवान १६ कोअर की संथ ६४, हा निकाल अ‍ॅमडालच्या नियमाने किती टक्क्यांवर फिरतो? वाटून न देता येणारा भाग सुमारे ६ टक्क्यांहून कमी असेल तर ६४ कोअर जिंकतात, जास्त असेल तर १६. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे समीकरण जरूर मांडून पाहावे. एका चलाचे साधे समीकरण आहे.) तिच्या गणितात हा भाग १० टक्क्यांच्या आसपास निघाला. शिवाय सगळे कोअर एकाच मेमरीपुढे रांगेत उभे राहत, तो उशीर वेगळाच. माहितीपत्रकात यातले काहीच नव्हते. ते आमच्या प्रोग्रॅममध्ये होते आणि खरेदीआधी एक दिवस खर्च केला असता तर मोजता आले असते.

तिचे गणित आम्ही जुन्या यंत्रावर परत नेले. प्रबंधाला मुदतवाढ घ्यावी लागली. शेजारच्या एका सहकाऱ्याला एकमेकांशी संबंध नसलेली हजारो छोटी गणिते करायची असतात. नवे यंत्र त्याच्या कामाला लावले, तिथे ते उत्तम चालते. पुढच्या खरेदीच्या वेळी आमचे दोन नेहमीचे प्रोग्रॅम दोन्ही पुरवठादारांच्या यंत्रांवर आधी चालवून पाहिले आणि कोणत्या कामाला किती तास लागले ते खरेदीच्या कागदाला जोडले. तो तक्ता त्याच विद्यार्थिनीने तयार केला होता.