वीजघरातला सूर्य

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी बँकसाइड नावाचे विटांचे एक प्रचंड वीजघर आहे. १९४७ ते १९६३ या काळात ते दोन टप्प्यांत बांधले गेले. तेथे तेल जाळून वीज तयार होत असे. १९८१ साली ते बंद पडले आणि २००० साली त्याच इमारतीत ‘टेट मॉडर्न’ हे आधुनिक कलेचे संग्रहालय सुरू झाले. पूर्वी जेथे टर्बाइने फिरत, ते १५५ मीटर लांब व ३५ मीटर उंच दालन भव्य कलाकृतींसाठी मोकळे ठेवण्यात आले.

ऑक्टोबर २००३ मध्ये या दालनात चक्क सूर्य उगवला! ओलाफुर एलियासन या कलावंताने एका टोकाला उंचावर अर्धवर्तुळाकार पडदा लावला, त्यामागे सुमारे २०० दिवे बसवले आणि छताला आरसे लावले. अर्धे वर्तुळ व त्याचे प्रतिबिंब मिळून पूर्ण बिंब दिसे. हवेत हलके धुके सोडलेले असे.

हे दिवे साधे नव्हते. त्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, सुमारे ५८९ नॅनोमीटरचा होता. लाल कापड लाल दिसते, कारण ते लाल प्रकाश परावर्तित करते. लाल प्रकाश पडलाच नाही, तर ते परत काय पाठवणार? त्यामुळे दालनातील माणसे, कपडे, भिंती, सारे पिवळ्या-काळ्या छटांत दिसे.

या पिवळ्या रंगाला मोठा इतिहास आहे. १८१४ च्या सुमारास फ्राउनहोफरला सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा आढळल्या. पिवळ्या भागातील ठळक रेषेला त्याने ‘डी’ हे अक्षर दिले. १८५९ मध्ये किरखोफने तिचे कारण सांगितले: सूर्याच्या बाहेरच्या थरांतील सोडियम नेमका तोच प्रकाश शोषून घेते. म्हणजे गंमत पाहा! खऱ्या सूर्यप्रकाशात जो रंग उणा असतो, त्याच रंगाचा हा कृत्रिम सूर्य होता.

एलियासनने यातले काही लपवले नाही. दालनाच्या टोकाशी गेले की दिवे, तारा, सांगाडा सारे उघड दिसे. तरीही लोक परत येऊन जमिनीवर पाठ टेकून पडत आणि छतातल्या आरशात स्वतःला शोधत. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांहून अधिक लोक येऊन गेले. कारण समजावून सांगितले की मुलांचे कुतूहल संपते, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हा प्रयोग वर्गातही जमतो. खोलीत पूर्ण अंधार करून शिक्षकांनी मिठाच्या दाट द्रावणात भिजवलेली, मग वाळवलेली वात स्पिरिटच्या दिव्यात लावावी. पिवळ्या ज्योतीसमोर रंगीत खडू धरावेत. मात्र ज्योत पेटवण्यापूर्वी कोणता खडू कसा दिसेल, हे प्रत्येकाला वहीत लिहायला सांगावे. कारणांची चर्चा त्यानंतर.