पहारा ढिला पडतो तेव्हा



या मालिकेत आपण बऱ्याच लढाया पाहिल्या. आजची लढाई नकाशावर दाखवता येणार नाही.

मे २०२१ मध्ये माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांना कोरोना झाला. जुना मधुमेह होता, तरी ते बरे होऊन घरी आले. आठवड्याभरात गाल सुजला, दात दुखू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. निदान झालं म्युकरमायकोसिसचं, म्हणजे काळ्या बुरशीचं. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी त्यांचा मुलगा चार दिवस वणवण फिरला. साहेब वाचले, पण डावा डोळा काढावा लागला.

ही बुरशी आली कुठून? खरं म्हणजे ती इथेच होती. मातीत, कुजक्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर. तिचे बीजाणू आपण श्वासाबरोबर रोज आत घेतो. धडधाकट शरीरात पांढऱ्या पेशींची गस्त त्यांना तिथल्या तिथे संपवते. गस्त थांबली की घुसखोरी होते. म्हणून अशा आजारांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. १८८५ मध्ये पाल्टाउफ या डॉक्टरांनी म्युकरमायकोसिसची नोंद केली होती, पण पुढे कित्येक वर्षं तो क्वचितच दिसायचा.

विसाव्या शतकात चित्र बदललं, आणि गंमत अशी की ते आपल्याच विजयांमुळे बदललं. पेनिसिलिन आणि त्याच्या भाऊबंदांनी जिवाणूंना मारलं. पण काही जिवाणू बुरशीला आवर घालत होते, तेही मेले आणि तोंडात, आतड्यात कँडिडा माजली. पुढे स्टेरॉइड, कर्करोगाची केमोथेरपी, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण आलं. लाखो जीव वाचले, पण प्रत्येक वेळी शरीराचा पहारा थोडा ढिला झाला.

उपाय सापडला तो मातीतच. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासायच्या आणि कामाचे वाटलेले जंतू बरण्यांत भरून टपालाने ऑल्बनीला पाठवायच्या. तिथे रेचल ब्राउन त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढायच्या. दोघी सरकारी आरोग्य खात्यातल्या. १९५० मध्ये त्यांनी निस्टॅटिन जाहीर केलं. नाव न्यूयॉर्क राज्यावरून. रॉयल्टीचे १ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर आले, ते दोघींनी संशोधनाला देऊन टाकले.

त्याच दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून अँफोटेरिसिन मिळालं. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. पण आपल्या पेशींचं आवरणही बरंचसं तसंच, त्यामुळे मूत्रपिंडाला इजा व्हायची. पुढे औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून दिल्यावर ती इजा कमी झाली.

आपणही मागे नव्हतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं, त्याच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. खडकीला असताना त्या कारखान्यावरून मी कितीदा गेलो असेन, पण हे ठाऊक नव्हतं.

१९८१ मध्ये अमेरिकेत पेंटामिडीन नावाच्या दुर्मीळ औषधाची मागणी अचानक वाढली. ते वाटणाऱ्या सरकारी कचेरीतल्या सँड्रा फोर्ड यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी वरिष्ठांना कळवलं. त्याच वर्षी ५ जूनला लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली चाहूल होती. न्यूमोसिस्टिस ही बुरशी आहे, हे १९८८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं. मंडळी, चांगला संत्री असाच असतो. रोजच्यापेक्षा काही वेगळं दिसलं की तो गप्प बसत नाही.

आता पुन्हा २०२१. प्राणवायू लागणाऱ्या कोरोना रुग्णांना स्टेरॉइडने वाचवलं, हे खरंच. पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं आणि रक्तातली साखरही वाढवतं. आपल्याकडे मधुमेही आधीच खूप. त्यात काहींना गरज नसताना, काहींना गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड मिळालं. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि ४ हजारांहून जास्त माणसं गेली.

सुभेदार साहेब आता दर महिन्याला साखर तपासतात आणि भेटेल त्याला बजावतात: स्टेरॉइड डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. साखर जास्त असताना चेहऱ्याची एक बाजू सुजली, नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका डोळ्याने ते आजही पेपर वाचतात. आधी दोन दिवस कळलं असतं तर, एवढंच कधीतरी म्हणतात.

पहारा सांभाळा. जय हिंद!